अक्षता हवेतच अडकल्या

‘तू आयटीत आहेस ना? मग बघ की जरा!’

हे वाक्य ज्यांनी घरी कधीच ऐकलेलं नाही, त्यांनी हात वर करा. मी आयटी कंपनीत आहे हे खरं, पण मी तिथे पेरोल बघते. पीएफ, टीडीएस, फॉर्म सोळा, काय वाट्टेल ते विचारा. लॅपटॉप का अडतो ते मला विचारणं म्हणजे एसटीच्या तिकीट खिडकीवरच्या बाईंना इंजिनाचा आवाज ऐकवण्यासारखं आहे. पण वाईच्या आमच्या घरात हा फरक कुणालाच मान्य नाही. प्रिंटर, राऊटर, गिझर, सगळं ‘आयटी’तच येतं.

यावेळचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. धाकट्या भावाचं लग्न पुण्यात झालं आणि त्याच्या तीन आठवडे आधी आजी न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन. घरातलं शेवटचं लग्न, लाडका नातू, आणि आजी वाईत खाटेवर. मुहूर्ताच्या वेळी व्हिडिओ कॉल लावला होता, पण हॉलमध्ये रेंज अशी की आजीला नवरदेवाचं नाक आणि भटजींचं उपरणं एवढंच दिसलं, तेही आलटून पालटून. ‘व्हिडिओ आला की नीट बघू,’ असं म्हणून तिने स्वतःचीच समजूत घातली.

महिन्याभराने व्हिडिओवाल्याचा पेन ड्राइव्ह आला. लाल मखमली डबीत, जणू आत अंगठीच आहे. शनिवारी तो घेऊन मी वाईला गेले. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीने पेन ड्राइव्ह वाचला आणि ‘फॉरमॅट सपोर्टेड नाही’ म्हणून मान फिरवली. मोबाइलवर दाखवायचं तर आजीच्या डोळ्यांना ती काडेपेटी. उरला बाबांचा लॅपटॉप. म्हणजे खरं तर माझाच, पहिल्या नोकरीतल्या पगारातून २०१२ मध्ये घेतलेला, नंतर बाबांकडे सासरी गेलेला. तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, मागाहून वाढवून ८ जीबी केलेली रॅम, आणि बॅटरी अशी की चार्जर काढला की गतप्राण.

आजीने तयारी कशी केली असेल? शेजारच्या काकूंकडून वाटीभर तांदळाला कुंकू लावून घेतलं होतं. ‘मंगलाष्टकांना मी पण टाकणार,’ म्हणाली. लॅपटॉप तिच्या पायाशी गोधडीवर ठेवला, उशी उंच केली, मुठीत अक्षता घेतल्या आणि मी प्ले दाबलं.

पहिली दहा सेकंदं बरी गेली. मग पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला. भटजींचा आवाज पुढे निघून गेला आणि भटजी मागे राहिले. अंतरपाट अर्धा राखाडी झाला. आवाजात ‘सावधान’ झालं, लोकांचा गलका झाला, वाजंत्री सुरू झाली, पण पडद्यावर भाऊ अजून मुंडावळ्या सावरत होता. मग एकदम एक चित्र आलं आणि तिथेच थिजलं: दोघांच्या डोक्यावर, हवेत, अडकलेल्या अक्षता. आजीचा हात वर होता. तो तसाच थोडा वेळ वर राहिला आणि मग तिने अक्षता परत वाटीत ठेवल्या. ‘राहू दे गं. जेवून घेऊ,’ म्हणाली.

भावाला फोन केला, तर त्याने पाच मिनिटांत नव्या लॅपटॉपची लिंक पाठवली. ‘ते डबडं फेका आता.’ बाबा भडकले. ‘डबडं काय? माझं पासबुक, माझे लेख, सगळं चालतंय की त्यावर!’ मला दोघांचंही पटत होतं. शेवटी ऑफिसमधल्या सपोर्टच्या मुलाला मेसेज टाकला. शनिवारी रात्री. (पोरा, तुझी सुट्टीची रजा मी स्वतः मंजूर करून घेईन.) त्याचं उत्तर दोन ओळींचं: ‘मॅडम, लॅपटॉप जुना आहे हे सोडा. फाइल कुठल्या कोडेकची आहे ते बघा. व्हीएलसीत टूल्स, मग कोडेक इन्फर्मेशन.’

बघितलं. ३८४० बाय २१६०, म्हणजे ज्याला फोर-के म्हणतात ते. सेकंदाला ५० फ्रेम. कोडेक एचईव्हीसी, उर्फ एच.२६५, तोही १०-बिट. दोन तास दहा मिनिटांची फाइल, ४० जीबीच्या आसपास. शेजारच्या स्टॅटिस्टिक्सच्या टॅबमध्ये ‘लॉस्ट फ्रेम्स’चा आकडा रिक्षाच्या मीटरसारखा पळत होता. पेन ड्राइव्हची काहीच चूक नव्हती. त्याला सेकंदाला फक्त पाचेक एमबी द्यायचे होते, ते तो आरामात देत होता. घोळ पुढे होता.

आता जरा हिशेब. पेरोलवाली आहे, करू द्या. फोर-केच्या एका चित्रात ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके. सेकंदाला पन्नास चित्रं म्हणजे ४१ कोटींच्या वर ठिपके, दर सेकंदाला. न दाबता साठवले तर सेकंदाला सहाशे एमबीहून जास्त माल होतो. तो पाच एमबीत कोंबायचं काम कोडेक करतो. कसं, तर प्रत्येक चित्र पूर्ण साठवतच नाही. मांडव तोच, पाठीमागची फुलं तीच, मग ‘मागच्यासारखंच’ एवढीच नोंद. जे हललं तेवढंच लिहायचं. मजा म्हणजे या हिशेबाचा सगळ्यात मोठा वैरी कोण? अक्षता! हजार दाणे, हजार दिशांना, प्रत्येकाची चाल वेगळी. ‘मागच्यासारखंच’ म्हणायची सोयच नाही. नोंदी वाढतात, त्या उलगडायचं काम वाढतं, आणि आधीच धापा टाकणारा प्रोसेसर नेमका तिथेच बसतो. आजीचा हात जिथे वर राहिला ती जागा काही योगायोगाची नव्हती.

बरं, उलगडायला वेळ किती? पन्नास फ्रेम म्हणजे एका चित्राला २० मिलिसेकंद. तेवढ्यात झालं तर ठीक, नाहीतर ते चित्र गेलं. आणि एवढं राबून ते दिसतं कुठे? लॅपटॉपचा स्क्रीन १३६६ बाय ७६८, म्हणजे साडेदहा लाखांच्या आतच ठिपके. आठ पोळ्या लाटायच्या आणि सात टाकून द्यायच्या. फोर-के पाहिजेच असा हट्ट मला कधी कळलेला नाही. ‘पॅकेजमध्ये फोर-के आहे मॅडम,’ असं आम्हाला केवढ्या कौतुकाने सांगितलं होतं. पॅकेजमध्ये आजी नव्हती ना पण!

तरीही एक प्रश्न उरतोच. याच लॅपटॉपवर मी वर्षानुवर्षं १०८०पी सिनेमे बघितलेत, एकदम मख्खन. तेव्हा हाच प्रोसेसर कसा काय पुरत होता?

याचं उत्तर जाम आवडलं मला. प्रोसेसरच्या चिपमध्येच एका कोपऱ्यात व्हिडिओ उलगडायचं वेगळं छोटं सर्किट असतं. घरातल्या सोऱ्यासारखं समजा. हाताने चकल्या वळायच्या म्हटल्या तर बाई थकते, सोऱ्यातून भराभर पडतात. पण सोऱ्यात जी चकती आहे तोच आकार पडणार. आणि चिपमधल्या सोऱ्याची चकती बदलता येत नाही, ती कारखान्यातच पक्की बसवलेली असते. माझ्या लॅपटॉपच्या सोऱ्यात एच.२६४ ची चकती आहे. ते स्टॅण्डर्ड २००३ चं. एच.२६५ आलं २०१३ मध्ये, आणि माझा लॅपटॉप २०१२ चा. म्हणजे तो जन्मला तेव्हा ही भाषा पुरती ठरलेलीच नव्हती! सोरा रिकामा बसून होता आणि प्रोसेसर बिचारा हाताने चकल्या वळत होता.

म्हणजे ‘लॅपटॉप स्लो झालाय’ हे आपण जे म्हणतो, त्यात पुष्कळदा लॅपटॉप तेवढाच असतो. त्याच्यासमोर येणारा व्हिडिओ बदललेला असतो.

हे आपल्याकडे आधीही होऊन गेलंय. २००८-०९ मध्ये नेटबुकची क्रेझ आली होती, आठवतंय? कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडे होतं, दहा इंची, पर्समध्ये मावणारं. आत १.६ गिगाहर्ट्झचा अ‍ॅटम एन२७०, स्क्रीन १०२४ बाय ६००. आम्ही त्यावर ७२०पी लावायचो आणि हिरो स्लाइड शोसारखा चालायचा. तेव्हा एच.२६४ ही नवी भानगड होती आणि त्या नेटबुकच्या ग्राफिक्सला त्याची चकती नव्हती. मग होस्टेलवरचे तज्ज्ञ सांगायचे, ‘कोअरएव्हीसी टाक, मीडिया प्लेअर क्लासिकमध्ये बघ.’ तो डीकोडर म्हणजे हाताने चकल्या वळणारी, पण सॉलिड चपळ बाई. थोडा फरक पडायचा. त्या वेळी ज्याने दम काढला तोच एच.२६४ आज जुन्या मशीनचा तारणहार आहे.

तर फंडा एवढाच: लॅपटॉपला नवी भाषा शिकवता येत नाही, पण व्हिडिओचं भाषांतर करता येतं. हॅण्डब्रेक नावाचं सॉफ्टवेअर आहे, चकटफू. फाइल द्यायची, प्रीसेटमधून ‘फास्ट ७२०पी३०’ निवडायचं. एक गोष्ट मात्र सपोर्टच्या पोराने बजावून सांगितली: फ्रेमरेटच्या खान्यात २५ करा, कॉन्स्टंट. मूळ ५० आहे, त्यातून एकाआड एक उचलले की सरळ २५. ते ३० वर ठेवलं तर हिशेब जुळत नाही, कधी एक फ्रेम गाळली जाते, कधी नाही, आणि चालणारा माणूस धसके खात चालतो. आकारही योग्यच. ७२०पी म्हणजे १२८० बाय ७२०, आमच्या स्क्रीनला जवळपास अचूक.

रात्री दहाला सुरू केलं. खाली आकडा आला: सेकंदाला आठ फ्रेम. एकूण फ्रेम ३ लाख ९० हजार. कॅल्क्युलेटर न काढताच कळलं, साडेतेरा तास. कारण भाषांतर करायचं तरी मूळ वाचावं लागतंच, आणि ते वाचायला पुन्हा तोच हाताने चकल्या वळणारा प्रोसेसर. पण इथे घाई नव्हती. एका चित्राला २० मिलिसेकंदांची अट फक्त बघताना असते. रात्रभर हळूहळू केलं तरी चालतं. हवा लागावी म्हणून लॅपटॉप गोधडीवरून उचलला आणि पाटावर ठेवला. (हे तुम्हीही करा. गादीवर, पांघरुणावर ठेवलेल्या लॅपटॉपचा श्वास खालून कोंडतो, तो तापतो, आणि तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. बघतानाही तेच.) बाबा म्हणाले, ‘पाटावर बसवलाय, आता मुंडावळ्याही बांध.’

पहाटे तीनला लाइट गेली.

बॅटरीचं वर सांगितलंच आहे. पाच तासांची मेहनत, ठप्प. अर्धवट फाइल उघडतही नव्हती. अंधारात मी कपाळावर हात मारून बसले होते, आणि आतून आजीचा आवाज आला, ‘झालं का गं?’ म्हणजे ती जागीच होती. ‘होतंय आजी, झोप तू,’ एवढंच म्हणाले.

सकाळी आठला लाइट आली. दुपारी चारच्या गाडीने मला पुण्याला निघायचं होतं. साडेतेरा तास आणायचे कुठून? भाऊ फोनवर म्हणाला, ‘यूट्यूबवर प्रायव्हेट टाक, ते आपोआप सगळ्या साइझ बनवतं.’ कल्पना वाईट नव्हती. पण आमच्या घरच्या नेटवर ४० जीबी अपलोड म्हणजे पुढच्या लग्नापर्यंत. मग बाबांनी साधा प्रश्न विचारला. ‘अख्खं कशाला? तिला काय बघायचंय ते विचार की.’

विचारलं. आजीला संगीत नको होतं, ड्रोन नको होता, स्लो मोशनमधली वरात तर अजिबात नको होती. ‘मंगलाष्टकं आणि सून घरात येते ते.’ मिळून बावीस मिनिटं! हॅण्डब्रेकमध्ये कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत हे देता येतं. दोन तुकडे लावले. ६६ हजार फ्रेम, सव्वादोन तास. मध्ये लाइट गेली नाही. गणपतीला साखर ठेवली होती हे आयटीवाल्यांना सांगू नका.

तेवढ्या वेळात मी सपोर्टच्या पोराला आणखी पिडलं. कारण ही बोंब तुमच्याकडेही असणार. लग्नाची नाही, यूट्यूबची. घरी जुना लॅपटॉप असेल आणि यूट्यूब १०८०पीला अडखळत असेल, तर चालू व्हिडिओवर राइट क्लिक करा आणि ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेकच्या ओळीत एव्हीसी-वन दिसलं तर ते आपलं एच.२६४. व्हीपी-झीरो-नाइन म्हणजे व्हीपी९, एव्ही-झीरो-वन म्हणजे एव्ही१. ही दोन्ही नव्या घरची. इंटेलच्या साध्या लॅपटॉपमध्ये व्हीपी९ ची आणि १०-बिट एच.२६५ ची पूर्ण चकती सातव्या पिढीपासून आली. एव्ही१ ची तर अकराव्या पिढीत, २०२० मध्ये. त्याआधीचं मशीन असेल तर यूट्यूबला एच.२६४ च पाठवायला लावणारी छोटी एक्स्टेन्शन्स मिळतात, ‘एनहान्स्ड-एच२६४इफाय’ नावाचं एक फायरफॉक्ससाठी आहे. त्यात १०८०पीच्या वर जाता येत नाही, पण आपल्याला जायचंय कुठे? ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन बंद नाही ना तेही बघा. आपणच कधीतरी कुणाच्या तरी सल्ल्याने ते बंद केलेलं असतं. व्हीएलसीत हेच टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट-कोडेक्समध्ये ‘हार्डवेअर अ‍ॅक्सलरेटेड डीकोडिंग’ या नावाने आहे.

आणि लग्न ठरलं असेल (अभिनंदन!) तर व्हिडिओवाल्याकडे फोर-केबरोबर १०८०पीची एच.२६४ कॉपी आधीच मागून ठेवा. त्याच्या मशीनवर ते चहा पिता पिता होतं. तुमच्या घरी त्याला एक रात्र आणि एक लाइट जाणं लागतं.

नवा लॅपटॉप घ्यायचाच नाही असं माझं म्हणणं नाही. बाबांच्या मशीनवर विंडोज १० आहे, त्याचा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ त्याला चालत नाही. त्यावर नेट बँकिंग करायचं नाही, हे मी बाबांना शपथ घालून सांगितलंय, पासबुक फक्त कागदी. पण ते कारण वेगळं. व्हिडिओ अडतो म्हणून फेकण्याइतकं ते मशीन म्हातारं नाही.

साडेदहाला दोन्ही फाइल तयार झाल्या. आकार चारशे एमबीही नव्हता. पाट आजीच्या खाटेशेजारच्या टेबलावर चढवला, त्यावर लॅपटॉप. शेजारच्या काकू आल्या, बाबा दारात उभे राहिले. वाटी परत आली. प्ले.

पंखा चालू आहे हे कळतही नव्हतं. भटजी आणि त्यांचा आवाज एकत्र. आजी पहिलं वाक्य बोलली ते असं: ‘अंतरपाट धरलाय तो कोण? तिरका धरलाय मेल्याने.’ मग तिने सुनेची नथ बघितली, विहिणीचा शालू बघितला, आणि पुढच्या रांगेतली माझी आत्या फोनमध्ये बघत होती तेही बघितलं. आत्याला आता फोन जाणार, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

‘सावधान’ला तिचा हात वर गेला. पडद्यावरच्या अक्षता आणि आजीच्या अक्षता अगदी एकाच वेळी पडल्या. पडद्यावरचे दाणे सुटे सुटे दिसत होते, शप्पथ. आजी काही बोलली नाही. काकूंनी डोळ्याला पदर लावला. मग आजी म्हणाली, ‘परत लाव.’

चार वेळा लावलं. चौथ्यांदा अक्षता संपल्या, तेव्हा बाबा स्वयंपाकघरातून साधे तांदूळ घेऊन आले.

उरलेला सगळा व्हिडिओ मी नंतर पुण्यात माझ्या लॅपटॉपवर करून घेतला. त्यात एच.२६५ ची चकती आहे, काम भराभर झालं. पेन ड्राइव्ह परत वाईला पाठवला, त्याच मखमली डबीतून. बाबांच्या लॅपटॉपचं मात्र एक झालंय. दोन दाणे एन्टरच्या खाली गेलेत आणि ते बटण दाबलं की कर्र वाजतं. मी की काढून देते म्हटलं, तर बाबा म्हणाले, ‘असू दे. चालतंय.’